शेवटचं कडवं कुणी खाल्लं?

अभिवादन हा शब्द आपल्याकडं फार स्वस्त झालाय. फोटोला हार घालायचा, दोन मेणबत्त्या लावायच्या, माइक हातात घेऊन 'वामनदादांना विनम्र अभिवादन' म्हणायचं आणि गाणं सुरू करायचं. त्यानंतर जे गायलं जातं ते दादांचं किती आणि गाणाऱ्याच्या सोयीचं किती, हे कुणी विचारत नाही. म्हणून मी विचारतो. मी काही समीक्षक नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात रातपाळी करतो, कविता लिहितो, आणि जे काही वाचलं ते शाळा सुटल्यावर वाचलं. पण गाणं ऐकायला डिग्री लागत नाही. शेवटपर्यंत थांबावं लागतं, एवढंच. आज नेमकं तेच होत नाही. गाणारा थांबत नाही, ऐकणाराही थांबत नाही, आणि शेवटचं कडवं मधल्यामधी खाल्लं जातं.

ही शेवटच्या कडव्याची काय भानगड आहे ते आधी सांगतो. वामनदादा कर्डक आपल्या बहुतेक गाण्यांच्या शेवटी स्वतःचं नाव गुंफतात. 'वामन' ही त्यांची नाममुद्रा. ही रीत जुनी आहे. तुकोबांचं 'तुका म्हणे', कबिराचं 'कहत कबीर', आणि त्यांच्याही आधी चौदाव्या शतकातल्या आपल्या चोखोबाचं 'चोखा म्हणे'. ज्या माणसाला देवळाबाहेर उभं केलं होतं त्यानं आपलं नाव अभंगाच्या आत नेऊन बसवलं. का? तर बाहेरून लावलेली पाटी कुणीही काढून नेतो. कापडात विणलेलं नाव काढायचं असेल तर कापडच फाडावं लागतं.

दोस्तहो, आमच्या आज्या-पणज्यांच्या नावांचं गावानं काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. आईबापानं हौसेनं चांगलं नाव ठेवावं आणि गावानं हाक मारताना ते मोडून टाकावं. नाम्या, गण्या, धोंड्या. म्हाताऱ्या माणसालाही तसंच. अशा लोकांतून आलेला एक माणूस आपलं अख्खं नाव गाण्यात घालतो आणि हजारो लोकांच्या तोंडून ते म्हणवून घेतो. म्हणून मी त्या मुद्रेला नुसती सही म्हणत नाही. ते एक आंदोलनच आहे, फक्त ते गळ्यातून होतं.

दादा आपल्याच जिल्ह्यातले. १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले, १५ मे २००४ ला गेले. पोटासाठी मुंबई गाठली, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले, मिळेल ते काम केलं. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. पहिलं गाणं ३ मे १९४३ चं. तिथून पुढं साठ वर्षं लिहिणं आणि गावोगाव जाऊन गाणं. 'वाटचाल', 'मोहळ' हे संग्रह सत्तरच्या दशकात निघाले. पण दादांचं खरं प्रकाशन झालं ते माणसांच्या तोंडी.

त्यांच्याही आधी ह्याच जिल्ह्यातले भीमराव कर्डक जलसा घेऊन हिंडत होते. आडनाव एक आणि कामही एक. माझ्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, अशा अर्थाचं बाबासाहेब बोलल्याचं जुनी माणसं आजही सांगतात. २ मार्च १९३० ला नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. त्या काळात ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्यापर्यंत विचार पोचवायचं काम जलशानं केलं. म्हणजे आपल्याकडं गाणं ही जेवणानंतरची सुपारी कधीच नव्हती. ते वर्तमानपत्र होतं, ती शाळा होती. वर्तमानपत्राचं शेवटचं पान फाडून उरलेलं कुणी विकलं तर तुम्ही ते घ्याल का?

आता ह्या गाण्यांचा पुढचा प्रवास बघू. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजानं भीमगीतं घराघरात नेली. दादा गेल्यावर सव्वा महिन्यातच, २३ जून २००४ ला, तेही गेले. त्यांच्यानंतर आनंद आणि मिलिंद, आणि आता आदर्श. सलग तीन पिढ्या. तिकडं विठ्ठल उमप यांचा गळा. २६ नोव्हेंबर २०१० ला ते नागपुरात दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या जागीच गेले. आता नंदेश उमप गातात. संगीतातली घराणी मोजायला बसलं की लोक ग्वाल्हेर, किराणा, जयपूर म्हणतात. आपली ही घराणी त्यात कुणी धरत नाही. जिथं आपलं पत्रक कधी पोचलं नसतं तिथं, रिक्षात, लग्नाच्या मांडवात, चहाच्या टपरीवर ह्यांचा आवाज पोचला. हे ऋण मान्य करूनच पुढचं बोलतो.

कॅसेटनं एक खोड लावली. कव्हरवर गाणाऱ्याचा फोटो मोठा आणि लिहिणाऱ्याचं नाव बारीक. मग कॅसेट गेली, मोबाइल आला आणि ते बारीक नावही गेलं. आता तीन मिनिटांत गाणं उरकायचं असतं. धृपद चार वेळा, मधे बँजो, दोन कडवी, परत धृपद, संपलं. कात्री कुठं लागते? अर्थातच शेवटी. म्हणजे जिथं 'वामन' आहे तिथंच. दादांच्या गाण्याखाली मी 'पारंपरिक' असं लिहिलेलं पाहिलंय. पारंपरिक! माणूस २००४ पर्यंत आपल्यात होता. त्याला पाहिलेली, त्याच्या ताटात ताट लावून जेवलेली माणसं अजून जिवंत आहेत.

काही जण मोठ्या मनाचा आव आणून म्हणतात, लोकांचं गाणं ते, त्याला कशाला मालक पाहिजे? त्यांना आधी कायदा सांगतो. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावरचा हक्क चालू राहतो. म्हणजे २०६४ साल संपेपर्यंत दादांच्या गाण्याला कुणी बेवारस ठरवू शकत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं तर गीतकाराच्या मोबदल्यातला वाटा आणखी पक्का केला. पण कायदा बाजूला ठेवा. मला राग आहे तो त्या 'लोक' शब्दाचा. बाकीच्यांनी लिहिलं की कविता, तिला कवी असतो, त्याची जन्मशताब्दी असते, त्याच्यावर प्रबंध होतात. आपल्या माणसानं लिहिलं की लोकगीत. म्हणजे जसं गवत उगवतं तसं उगवलं! प्रस्थापितांनी हे करावं यात नवल नाही. आपणच आपल्या स्टेजवरून ते करतो, हे झोंबतं.

नाव गेलं की अर्थही जातो, हा माझा दुसरा मुद्दा. दादांचं एक फार गाजलेलं गाणं आहे. ओळ देत नाही, तुमच्या ओठावर आलीच असेल. बाबासाहेबांना मनापासून मानणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जरी निघाले असते तरी चळवळीच्या शस्त्राला धार वेगळीच आली असती, असा त्याचा आशय. हे अख्खं गाणं एका 'जर' वर उभं आहे. जर असते तर. याचा अर्थ काय होतो? नाहीत. गाणं आपल्याला म्हणतंय की तुम्ही तसे नाही. ते कौतुक नाही, तो आरोप आहे, आणि आरोपी आपण आहोत. पुढच्या कडव्यांत दादा आपल्याच माणसांच्या वागण्याकडं बोट दाखवतात. १४ एप्रिलला डीजेवर हे गाणं लागतं तेव्हा पोरं छाती पुढं काढून नाचतात. जणू ते पाच-पन्नास खरे अनुयायी म्हणजे आपणच. ठोका इतका मोठा असतो की तो 'जर' ऐकूच येत नाही. ज्या गाण्यानं मान खाली जायला पाहिजे त्यावर आपण मान वर करून नाचतो. नाचण्याला माझा विरोध नाही. वर्षभर मान मोडून राबणाऱ्यानं एक दिवस नाचलंच पाहिजे. पण आपण कशावर नाचतोय ते तरी कळू द्या.

आता जे मी ऐकलं त्याबद्दल. नाशकात एका कार्यक्रमात एका तरुण गायकानं दादांना अभिवादन म्हणून त्यांची गाणी गायली. नाव छापत नाही, पोरगा आपलाच आहे, आणि हे लिहितोय ते त्याला पाडायला नाही. संगतीला गिटार, ड्रम, एक ढोलकी. अशा साथीवर दादा म्हटल्यावर पुढच्या रांगेतले दोन-चार ज्येष्ठ आधीच तोंड वाकडं करून बसले होते.

पहिलं गाणं त्यानं तेच 'जर' वालं घेतलं आणि कमाल केली. लय निम्म्यानं कमी केली. ड्रम बंद. नुसती गिटार, आणि प्रत्येक ओळीनंतर श्वासाएवढी जागा. त्या जागेत 'जर' ऐकू आला. मंडपात कुणी उठून नाचलं नाही. लोक गप्प झाले. माझ्या शेजारचा एक कामगार आपल्या हाताच्या बोटांकडं बघत बसला होता. शेवटचं कडवं गायकानं पुरं घेतलं आणि 'वामन' शब्दावर आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. आपल्या माणसाचं नाव आपण घरात घेतो तसं. ह्याला मी अभिवादन म्हणतो.

दुसरं गाणं मात्र घसरलं. दादांचं ते गाणं, ज्यात बड्या उद्योगपतींची नावं घेऊन धनाच्या साठ्यात आमचा वाटा कुठं आहे असं ते रोखठोक विचारतात. मागं फलक होता एका बिल्डरच्या जाहिरातीचा. गायकानं सवाल घेतला, लोकांनी जोरात साथ दिली, मंडप पेटला. इथवर ठीक. पण कडवी गाळून तो सवालच पुन्हा पुन्हा घोळवत बसला. सवाल दहा वेळा विचारला की सवाल राहत नाही, घोषणा होते. वीस वेळा विचारला की करमणूक होते. कडवी असतात ती हिशेब मांडायला. कोण राबतं, कोण खातं, किती उरतं. हिशेब गाळला आणि नुसता आरडाओरडा ठेवला तर मागच्या फलकावरच्या बिल्डरला कशाची भीती? तोही टाळ्या वाजवत होता. आणि अर्थातच, शेवटचं कडवं झालंच नाही.

म्हणजे एकाच माणसानं, एकाच रात्री, एकाच साथीवर, एकदा दादा जिवंत केले आणि एकदा दादांचा फोटो केला. दोष गिटारचा असता तर पहिलं गाणंही पडलं असतं. तोंड वाकडं करणाऱ्या ज्येष्ठांना मी आदरानं सांगतो, पेटी तरी कुठं आपल्या आज्याची होती? तीही बाहेरून आली. आपल्या कवींनी सिनेमाच्या चाली घेतल्या, कव्वालीचा ठेका घेतला, लावणीचा बाज घेतला आणि त्यात आपला विचार भरला. भांडं कुणाचं का असेना, आत काय शिजतंय ते बघा.

हा गिटारचा वाद आपल्या एकट्याचा नाही. दलित पँथरनं १९७२ मध्ये नाव घेताना अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडं बघितलं होतं. तसंच गाण्यासाठीही तिकडं बघायला हरकत नाही. तिथं वुडी गथ्री नावाचा गाणारा होऊन गेला. १९१२ चा जन्म, दादांपेक्षा दहा वर्षांनी मोठा. गोरा, पण फाटका. दुष्काळानं उठून गेलेल्या शेतकऱ्यांची, मजुरांची, संपकऱ्यांची गाणी लिहीत तो देशभर हिंडला. पुढं असाध्य आजारानं इस्पितळात पडला. १९६१ च्या सुरुवातीला एकोणीस वर्षांचा एक पोरगा गिटार घेऊन त्याला भेटायला न्यू जर्सीच्या त्या इस्पितळात गेला. तो बॉब डिलन. १९६२ साली त्याची पहिली तबकडी निघाली. तीत बहुतेक गाणी दुसऱ्यांची, स्वतः लिहिलेली फक्त दोन, आणि त्यातलं एक वुडीला उद्देशून.

त्या गाण्याची गंमत बघा. चाल वुडीचीच आहे. वुडीनं ती चाल वापरली होती एका भयंकर घटनेवरच्या गाण्याला. १९१३ च्या नाताळाच्या आदल्या संध्याकाळी मिशिगन राज्यातल्या कॅल्युमेट गावी तांब्याच्या खाणीतल्या संपकरी कामगारांच्या लेकरांचा मेळावा भरला होता. कुणीतरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली आणि जिन्यावरच्या चेंगराचेंगरीत ७३ जण मेले. बहुतेक लेकरं. त्या चालीवर डिलननं स्वतःचे शब्द बसवले. आणि गाण्यात वुडीबरोबरच त्याच्या सोबत गाणाऱ्यांचीही नावं घेतली. त्यात लेडबेली हा तुरुंग भोगलेला काळा गवई आहे. चाल उसनी, शब्द स्वतःचे, आणि नावं मात्र सगळी चुकती केलेली. ह्याच डिलननं १९६५ ला न्यूपोर्टच्या महोत्सवात विजेची गिटार घेतली तेव्हा तिथल्याही काही जुन्या मंडळींनी हुर्यो उडवली. २०१६ ला त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. गाणं लिहिणाऱ्याला साहित्यिक मानायला त्यांनाही एवढी वर्षं लागली. आपण कुणाच्या नोबेलची वाट बघायची गरज नाही. आपण आपल्या वामनदादांना कवी म्हणायला आजपासून सुरुवात करू शकतो.

आणि आपल्याकडं असं अभिवादन झालंच नाही असंही नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं गेली. ते सहन न होऊन १५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी आपला जीव दिला. आनंद पटवर्धनांनी २०११ मध्ये पुरा केलेला 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट विलासपासून सुरू होतो आणि पुढं कबीर कला मंचाच्या तरुण पोरापोरींपर्यंत येतो. एक शाहीर गेला तिथून दुसऱ्यांनी गाणं उचललं. डफ तोच, शब्द नवे. त्यातल्या शीतल साठे आणि सचिन माळी यांना २०१३ साली तुरुंगात जावं लागलं. त्यांच्या सगळ्या राजकारणाशी तुमचं-माझं पटेल न पटेल, तो वाद वेगळ्या पानावर घालू. पण आधीच्या शाहिराला खरं अभिवादन करायचं म्हटलं की किंमत मोजावी लागते, एवढं त्यातून कळतं. हार आणि मेणबत्तीत ते भागत नाही.

म्हणून नुसती टीका करून थांबत नाही, कामं सांगतो. तुमच्या वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमाला गायक बोलवाल तेव्हा सुपारी देताना अट घाला: गाणं पुरं म्हणायचं, शेवटच्या कडव्यासकट. फलकावर गायकाच्या नावाएवढ्याच अक्षरात कवीचं नाव लिहा. मोबाइलवर गाणं चढवणारे मित्र असतील तर त्यांना पहिल्या ओळीत लिहायला लावा: गीत, वामनदादा कर्डक. 'पारंपरिक' लिहिलेलं दिसलं तिथं खाली जाऊन नाव लिहा. दहा जणांनी लिहिलं की अकरावा दुरुस्त करतो.

दुसरं काम. आपल्या वस्त्यांत म्हाताऱ्या माणसांकडं गाण्याच्या वह्या आहेत. शाईनं लिहिलेल्या, तेलाचे डाग पडलेल्या. कुणी भजनी मंडळात होतं, कुणी गायन पार्टीत. माणूस गेला की वही रद्दीत जाते. त्या वह्या मागून घ्या, उतरवून काढा, प्रत्येक गाण्याखाली कवीचं नाव विचारून लिहा. शेवटचं कडवं त्या वह्यांत सापडेल, डीजेवर सापडणार नाही. रिंगवर धागा तुटला की आम्ही अख्खी बाबीन फेकत नाही. तुटलेलं टोक शोधतो आणि सांधतो. टोक सापडलं पाहिजे, बस्स.

तिसरं काम सगळ्यात अवघड आहे. दादांचीच गाणी आयुष्यभर गात बसणं हेही पुरं अभिवादन होत नाही. दादांनी १९४३ ला लेखणी उचलली तेव्हा ते विशीत होते, आपल्याच वयाचे. आपल्या वेळचा हिशेब आता आपणच मांडला पाहिजे. कंत्राटी कामगाराचा, गटारात उतरून मेलेल्या माणसाचा, स्कॉलरशिप अडकलेल्या पोरीचा, बंद पडलेल्या वसतिगृहाचा. चाल दादांची घ्या, सिनेमाची घ्या, रॅपची घ्या. पण शब्द तुमचे घाला.

आणि शेवटच्या कडव्यात आपलं नाव घाला. भावांनो, लाजू नका, अख्खं नाव घाला. बहिणींनो, तुम्ही तर घालाच. चौदाव्या शतकात सोयराबाईनं स्वतःची ओळख 'चोख्याची महारी' अशी दिली होती. तुम्ही कुणाची कोण ते सांगू नका. तुमचं नाव सांगा.

जयभीम.